बुधवारच्या पाहुण्या

१९६४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दर आठवड्याला हा प्रकार चाले. मंगळवारी अमेरिकेच्या उत्तरेकडून सहा-सात बायकांची एक तुकडी विमानाने मिसिसिपी राज्याच्या राजधानीत, जॅक्सनला उतरे. काही गोऱ्या, काही कृष्णवर्णीय. कुणी प्रॉटेस्टंट, कुणी कॅथलिक, कुणी ज्यू. निघण्यापूर्वी सगळ्या एकत्र बसून तयारी करत, पण प्रवासात एकमेकींना ओळख दाखवत नसत. उतरल्यावर गोऱ्या बायका हॉटेलकडे जात आणि कृष्णवर्णीय बायका आपल्या लोकांच्या वस्तीत कुणाच्या तरी घरी मुक्कामाला. बुधवारी बाहेरगावी जायचं, तिथलं काम बघायचं, माणसांशी बोलायचं. गुरुवारी परतीचं विमान. त्या बुधवारावरूनच उपक्रमाला 'वेन्सडेज इन मिसिसिपी' हे नाव पडलं. एकूण सात तुकड्या, ४८ बायका.

वरवर पाहता यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. या बायकांनी मतदारनोंदणी केली नाही, धरणं धरलं नाही, तुरुंगात जाणं तर बेतातच नव्हतं. अंगात नीटस पोशाख, गळ्यात मोत्यांची माळ, हातात पांढरे हातमोजे. ज्या राज्यात त्याच उन्हाळ्यात कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्यात तरुण पोरांचे मुडदे पडत होते, तिथे असल्या पाहुण्यांचं काय काम, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला असणार. माझं म्हणणं असं, की पैसा, ओळखीपाळखी, नवऱ्याचं नाव, चारचौघीतला मान या ज्या गोष्टींची चळवळीत माणसं लाज बाळगतात, त्याच या बायकांनी कामाला लावल्या. त्या हत्याराने काय कापलं जातं आणि काय नाही, हे त्यांना वर्ष-दोन वर्षांत समजलं आणि मग त्यांनी हत्यार बदललं. स्वयंसेवी कामात पहिली गोष्ट अधूनमधून घडते. दुसरी फार कमी वेळा.

मिसिसिपी तेव्हा

राज्याच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय चाळीस टक्क्यांच्या वर होते, पण त्यांच्यातल्या प्रौढांपैकी मतदारयादीत नाव असलेले सात टक्केही नव्हते. नाव नोंदवायला जाणाऱ्याची नोकरी जाई, कर्ज थांबे, घरावर गोळ्या झाडल्या जात. वंशभेद टिकवू पाहणाऱ्या गोऱ्या व्यापाऱ्यांच्या आणि नोकरदारांच्या 'सिटिझन्स कौन्सिल' नावाच्या संघटना गावोगाव होत्या. त्यांची सुरुवात १९५४ मध्ये याच राज्यातल्या इंडियानोला गावात झाली होती. १९५६ पासून राज्य सरकारचा 'सॉव्हरेन्टी कमिशन' नावाचा एक विभागच लोकांवर पाळत ठेवायला होता. म्हणजे मतभेद असलेला गोरा माणूसही मोकळा नव्हता. बायकोने काही बोललं की फटका नवऱ्याच्या धंद्याला बसे.

१९६४ च्या उन्हाळ्यात सातशे ते हजार विद्यार्थी उत्तरेकडून मतदारनोंदणीसाठी आणि 'फ्रीडम स्कूल' चालवण्यासाठी आले. त्यांतले बहुतेक गोरे, आणि गोऱ्यांतले बरेच ज्यू घरांतले. २१ जूनला तिघे कार्यकर्ते बेपत्ता झाले. जेम्स चेनी हा स्थानिक कृष्णवर्णीय तरुण. अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर हे न्यूयॉर्कचे ज्यू. २ जुलैला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली. हॉटेलात, उपाहारगृहात वंशभेद करणं बेकायदा ठरलं. जॅक्सनमधल्या रॉबर्ट ई. ली हॉटेलच्या मालकांनी कृष्णवर्णीय पाहुणा घेण्यापेक्षा हॉटेलच बंद केलं. पहिल्या तुकड्या आल्या तेव्हा हे सगळं ताजं होतं.

पॉली कोवन

उपक्रमाची कल्पना दोघींची. डोरोथी हाइट या 'नॅशनल कौन्सिल ऑफ निग्रो विमेन' या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेच्या १९५७ पासून अध्यक्षा. ही संघटना मेरी मॅक्लाउड बेथ्यून यांनी १९३५ मध्ये उभी केलेली. दुसऱ्या पॉली स्पीगल कोवन. शिकागोतल्या, टपालाने घरपोच माल विकणाऱ्या स्पीगल कंपनीच्या घराण्यात १९१३ साली जन्म. सारा लॉरेन्स कॉलेजात शिक्षण, पुढे रेडिओ-टीव्ही कार्यक्रमांची निर्मिती. नवरा लू कोवन हा काही काळ सीबीएस टीव्हीचा अध्यक्ष. न्यूयॉर्कमध्ये राहणारी, चार मुलांची आई, आणि फोन उचलला तर पलीकडे कोणीही सापडेल एवढ्या ओळखी.

मराठी वाचकाला ज्यू म्हटलं की अलिबाग-पेणचे शनिवार तेली आठवतात. देश दूर, भाषा कोकणातली, पण शनिवारी घाणा बंद ठेवणारी माणसं. कोवन यांचं घर याच्या नेमकं उलट होतं. शनिवार पाळणं दूरच, घरात नाताळ साजरा होई. लू यांनी तर तरुणपणीच कोहेन हे आडनाव सोडून कोवन लावलं होतं. तरीही पॉली मुलांना सांगत आल्या, की युरोपात साठ लाख ज्यू मारले गेले आणि जे वाचले त्यांच्या डोक्यावर एक देणं आहे. धर्म पाळायचा नाही आणि हे देणं मात्र फेडायचं, असा त्यांचा ज्यूपणा. त्या काळात अमेरिकेतल्या सुखवस्तू ज्यू घरांत तो बराच आढळे. पुढच्या पिढीला तो पुरला नाही. त्यांचा मुलगा पॉल पुढे धर्माकडे परत वळला. तो वेगळा विषय.

बायकांनी संघटित होऊन सेवा करणं ही मात्र अमेरिकी ज्यू समाजातली जुनी वाट होती. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात ज्यू पुरुषांनी स्त्रियांना कार्यक्रमात जागा देण्याऐवजी पाहुण्यांची ऊठबस करायला सांगितलं, तेव्हा हॅना सॉलोमन यांनी आपली वेगळी परिषद भरवली आणि तिच्यातून 'नॅशनल कौन्सिल ऑफ ज्यूइश विमेन' निघाली. न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावर एकट्या उतरणाऱ्या स्थलांतरित मुलींना दलालांच्या हाती पडू न देता नातेवाइकांपर्यंत पोचवणं हे तिचं सुरुवातीचं मोठं काम. १९६४ मध्ये मिसिसिपीच्या उपक्रमामागे उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय महिला संघटनांत ही परिषदही होती.

पण कोवन त्या परिषदेच्या वतीने काम करत नव्हत्या, हे या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं. त्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनेत, हाइट यांच्या हाताखाली, बिनपगारी कार्यकर्त्या होत्या. पैसे त्या उभे करत, फोन त्या करत, तुकड्यांची जुळवाजुळव त्यांची. पण कुठे जायचं आणि कुठे नाही हा शब्द हाइट यांचा. मदत करणाऱ्या श्रीमंत बाईने आपली वेगळी संस्था काढायची आणि तिथे स्वतः अध्यक्ष व्हायचं, ही वाट सोपी होती. त्यांनी ती घेतली नाही.

सेल्मा, मग अटलांटा

ऑक्टोबर १९६३ मध्ये अलाबामातल्या सेल्मा गावात आंदोलनात पकडलेल्या मुलींना तुरुंगात फार वाईट वागणूक मिळत असल्याचं कानावर आलं. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या विद्यार्थी संघटनेच्या जेम्स फोरमन यांनी हाइट यांना येऊन बघायला सांगितलं. चौघी गेल्या. दोन कृष्णवर्णीय, हाइट आणि डॉ. डोरोथी फेरेबी, दोन गोऱ्या, कोवन आणि शर्ली स्मिथ. फेरेबी यांना हा मुलूख नवा नव्हता. १९३० च्या दशकात त्यांनी मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात गाड्यांमध्ये दवाखाने घालून गावोगाव फिरवले होते. सेल्मात मुलींनी चर्चमध्ये उभं राहून तुरुंगातले हाल सांगितले. चौघींनी ऐकलं, गोऱ्या दोघी गावातल्या गोऱ्या बायकांशीही बोलल्या. या खेपेत कोवन यांच्या लक्षात आलं, की दोन्ही बाजूंच्या घरांत शिरू शकेल असं माणूस म्हणजे बाई, तीही वयाने पोक्त आणि दिसायला निरुपद्रवी.

मार्च १९६४ मध्ये अटलांटात निरनिराळ्या महिला संघटनांची बैठक झाली. तिथे जॅक्सनच्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय बायका एका खोलीत बसल्या. एकाच शहरात राहून त्या शहरात त्यांना ते जमत नव्हतं. जॅक्सनहून आलेल्या क्लेरी कॉलिन्स हार्वी यांनी मागणी केली, की येत्या उन्हाळ्यात तुम्ही आमच्याकडे या, नुसत्या या, तुमच्या असण्याचाच उपयोग होईल.

या हार्वीबाईंबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण अशा वृत्तान्तांत उत्तरेच्या पाहुण्यांना सगळी जागा मिळते आणि यजमान कडेला राहतात. त्यांच्या घराण्याचा जॅक्सनमध्ये अंत्यविधीचा व्यवसाय होता. त्यामुळे रोजीरोटीसाठी त्या गोऱ्या मालकावर अवलंबून नव्हत्या. त्या शहरात ही फार मोठी गोष्ट होती. १९६१ मध्ये 'फ्रीडम रायडर' म्हणून, म्हणजे बसप्रवासातला वंशभेद मोडायला, आलेली मुलं-मुली कोर्टात उभी असताना थंडीने काकडताना त्यांनी पाहिली. मग चर्चमध्ये झोळी फिरली. स्वेटर, साबण, आतले कपडे, जे लागेल ते तुरुंगात पोचायला लागलं. त्यातून 'वुमनपॉवर अनलिमिटेड' ही संघटना उभी राहिली. म्हणजे तीन वर्षं जोखीम घेऊन मुरलेल्या स्थानिक बाईने बोलावणं केलं होतं. उत्तरेच्या बायका आपल्या मनाने उठून गेल्या नव्हत्या.

बेत

नियम काटेकोर होते. वर्तमानपत्रवाले नकोत. आधी गाजावाजा नको. जाण्या-येण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा. वागणं-बोलणं, कपडे सगळं 'भल्या घरच्या' बाईला शोभेलसं. प्रत्येक तुकडीत दोन्ही वंशांच्या आणि तिन्ही धर्मपंथांच्या बायका असाव्यात आणि शक्यतो प्रत्येकीच्या मागे एखादी संघटना असावी, म्हणजे परत गेल्यावर सांगायला तिला श्रोते मिळतील.

जॅक्सनमध्ये उन्हाळाभर तीन कार्यकर्त्या राहिल्या. डोरिस विल्सन या कृष्णवर्णीय, वायडब्ल्यूसीए या ख्रिस्ती तरुणींच्या संघटनेच्या अनुभवी कार्यकर्त्या. सुझन गुडविली आणि डायन व्हिव्हेल या दोन गोऱ्या तरुणी. त्या तिघींना शहरात उघडपणे एकत्र दिसायची सोय नव्हती. गोऱ्या दोघींनी गोऱ्यांच्या भागात घर घेतलं. कोणी विचारलं तर सांगायचं, की दक्षिणेकडच्या पदार्थांचं पुस्तक लिहितोय, पाककृती गोळा करतोय. ही थाप उत्तम होती. दोन अनोळखी मुली घरोघर फोन का करतात, बायकांना भेटायला का जातात, याला दुसरं सोज्वळ कारण त्या गावात सापडलं नसतं.

गुप्ततेवर मात्र माझं मन पूर्णपणे बसत नाही. ज्या गोऱ्या बाईने जोखीम घेऊन पाहुणीला कॉफीला बोलावलं तिचं नाव बाहेर फुटू नये, हे रास्तच. पण याच गुप्ततेमुळे हा उपक्रम पुढची चाळीसएक वर्षं जवळजवळ कुणाला ठाऊक नव्हता. त्या उन्हाळ्याच्या इतिहासात तरुण मुलं आली, पुढारी आले. या बायका आल्या नाहीत. ज्या गोष्टीची दखल घेतली जात नाही तिच्यातून दुसऱ्या गावातल्या बायकांना शिकताही येत नाही.

एक बुधवार

बुधवारी सकाळी गाडीने कँटन, हॅटिसबर्ग, मेरिडियन, व्हिक्सबर्ग किंवा रुलव्हिल. गाडीतही गोरे-काळे एकत्र बसणं म्हणजे पोलिसांना आमंत्रण, म्हणून तिथेही जपून. 'फ्रीडम स्कूल' बहुधा चर्चच्या तळघरात, पडवीत किंवा झाडाखाली भरे. राज्यात अशा शाळा चाळीसच्या आसपास होत्या आणि विद्यार्थी दोन हजारांहून अधिक. सरकारी शाळेत कृष्णवर्णीय मुलांना जो इतिहास शिकवतच नसत, तो इथे शिकवला जाई. राज्यघटना, मतदारयादीत नाव घालण्यासाठी द्यावी लागणारी परीक्षा, लेखन, कुठे टायपिंग, कुठे फ्रेंचसुद्धा. शिकणाऱ्यांत लहान मुलं होती तशाच आज्याही. पाहुण्या सोबत पुस्तकं आणि चित्रकलेचं सामान आणत. शिकवणाऱ्या पोरांशी बोलत. त्या पोरांत काहींच्या आया उत्तरेत फोनजवळ बसून होत्या. कोवन यांची दोन मुलंही त्या उन्हाळ्यात मिसिसिपीतच होती.

भीती खोटी नव्हती. त्या उन्हाळ्यात राज्यात तीसहून अधिक चर्च जाळली किंवा उडवली गेली. ४ ऑगस्टला, तोही मंगळवारच, नेशोबा परगण्यात मातीच्या बांधाखाली त्या तिघांची प्रेतं सापडली. पुढच्या मंगळवारीही बायका आल्या.

पण खरं काम बाहेरगावी नव्हतं. ते जॅक्सनमधल्या दिवाणखान्यांत होतं. चर्चच्या महिला मंडळांच्या, महिला मतदार संघटनेच्या, ज्यू परिषदेच्या ओळखीतून गुडविली आणि व्हिव्हेल गोऱ्या बायकांना गाठत. बऱ्याचजणी कचरत. काही तयार होत. मग कॉफी, केक, इकडच्या तिकडच्या गप्पा, मुलंबाळं. आणि मग पाहुणी हळूच विषय काढी, की काल मी अमुक गावी जाऊन आले. दक्षिणेच्या बायकांनी ऐकलेलं असे, की ही उत्तरेची पोरं म्हणजे दाढीवाले, घाणेरडे, कम्युनिस्ट. समोर बसलेली, आपल्यासारखीच हातमोजे घातलेली बाई सांगत असे, की मी त्यांना भेटले, चांगल्या घरची मुलं आहेत, वर्गात पोरांना वाचायला शिकवतात. वर्तमानपत्रात हे छापून आलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. 'आपल्यातल्या' बाईच्या तोंडून आल्यामुळे ते निदान ऐकून घेतलं गेलं. उपक्रमाचं सगळं यंत्र एवढंच होतं, आणि ते फक्त प्रतिष्ठेच्या तेलावर चालत होतं.

दुसऱ्या बाजूला, त्याच वेळी, कृष्णवर्णीय पाहुण्या शहरातल्या कृष्णवर्णीय बायकांकडे बसत. तिथे पटवून देण्याचा प्रश्नच नव्हता. तिथे उपयोग वेगळा. आपण एकट्या नाही, वॉशिंग्टन-शिकागोत आपली वजनदार माणसं आहेत आणि त्यांनी आपलं घर पाहिलंय, हे कळणं. हार्वीबाईंनी मागितलेलं 'नुसतं असणं' ते हेच.

जॅक्सनच्या ज्यू बायका

सगळ्यात अवघड गाठ इथे होती. उत्तरेच्या ज्यू बाईला वाटे, आपल्याच समाजातली बाई आपल्याला आधी दार उघडेल. पण जॅक्सनमधली ज्यू वस्ती लहान. घराघरांत दुकानं, त्यातली काही शहराच्या मुख्य बाजारपेठेत. १९६२ च्या अखेरीपासून कृष्णवर्णीयांनी त्या बाजारावर बहिष्कार घातला होता. दुकानदाराने कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला मानाने वागवलं तर सिटिझन्स कौन्सिल नाराज, नाही वागवलं तर बहिष्कार. इकडे आड, तिकडे विहीर. गोऱ्यांत मोडत असले तरी केव्हा त्यातून वगळले जाऊ याचा नेम नाही, ही जाणीव त्यांना पिढ्यांची होती. उत्तरेहून येणारी आणि दोन दिवसांत विमानाने परत जाणारी ज्यू बाई म्हणजे त्यांच्या दृष्टीने विस्तव घेऊन आलेली पाहुणी. ती गेली की राख आवरायला घरचेच.

याला बुजरेपणा म्हणून हिणवणं सोपं आहे. पुढे काय झालं ते पाहू. जॅक्सनच्या बेथ इस्रायल सिनेगॉगचे, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिराचे, रब्बी (धर्मगुरू) पेरी नुसबाउम हे १९६१ मध्ये पार्चमन तुरुंगात ठेवलेल्या ज्यू 'फ्रीडम रायडर' मुलांना दर आठवड्याला भेटायला जात; जळालेली कृष्णवर्णीयांची चर्च पुन्हा बांधायला त्यांनी मदत केली. सप्टेंबर १९६७ मध्ये त्यांच्या सिनेगॉगमध्ये बॉम्ब फुटला. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या घरी. आत ते आणि त्यांची पत्नी होती, दोघं बचावली. पुढच्या मे महिन्यात मेरिडियनच्या सिनेगॉगवर बॉम्ब पडला. जॅक्सनच्या ज्यू बायकांना वाटणारी भीती हवेतली नव्हती. पाहुण्यांना ती जेवढी समजायला हवी होती तेवढी १९६४ मध्ये समजली असं मला वाटत नाही. एकाच धर्माच्या, एकाच परिषदेच्या दोन शाखांमधल्या बायकांची जोखीम मात्र सारखी नव्हती.

तरीही काही ज्यू बायका पुढे आल्या, बहुतेक एका कामात. १९६४ च्या सप्टेंबरपासून जॅक्सन, बिलोक्सी आणि लीक परगण्यात न्यायालयाच्या हुकमाने पहिलीच्या वर्गात कृष्णवर्णीय मुलं घ्यायची होती. ती घ्यावी लागू नयेत म्हणून सरकारी शाळाच बंद पाडाव्यात असा घाट काही लोक घालत होते. त्याविरुद्ध गोऱ्या बायकांनी 'मिसिसिपियन्स फॉर पब्लिक एज्युकेशन' नावाचा गट काढला. पॅट डेरियन, विनिफ्रेड ग्रीन या त्यातल्या पुढाकारी. वंशसमतेचं नाव न घेता 'आपल्या मुलांची शाळा चालू राहिली पाहिजे' एवढीच त्यांची मागणी. बुधवारच्या पाहुण्यांनी या गटाशी संधान बांधलं, धीर दिला. जॅक्सनच्या शाळा दंगा न होता उघडल्या. श्रेय त्या गटाचं. पाहुण्यांचा वाटा पाठ थोपटण्याइतका. पण ज्या शहरात शेजारीण बोलणं टाकते तिथे पाठ थोपटणारं कोणी असणं थोडं नसतं.

परत घरी

दक्षिणेच्या बायका कॉफी ओतता ओतता एक प्रश्न विचारत. तुमच्याकडे सगळं ठीक आहे का? आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हा टोला बोस्टनच्या तुकडीला नेमका लागू होता. बोस्टनमध्ये कायद्याने नसली तरी वस्त्यांमुळे कृष्णवर्णीय मुलांची शाळा वेगळी आणि हलाखीची होतीच, आणि त्याविरुद्ध शाळा-समितीशी भांडणाऱ्या रूथ बॅटसन याच तुकडीत होत्या. सोबत लाया वीझ्नर होत्या, एमआयटीचे शास्त्रज्ञ जेरोम वीझ्नर यांच्या पत्नी, ज्यू, स्वतः गणित शिकलेल्या. परतल्यावर दोघींच्या हातून जे झालं ते त्या तीन दिवसांपेक्षा मोठं. १९६६ मध्ये 'मेटको' हा कार्यक्रम सुरू झाला. बोस्टनच्या कृष्णवर्णीय मुलांना बसने आसपासच्या गोऱ्या उपनगरांतल्या शाळांत नेण्याचा. पहिल्या वर्षी २२० मुलं, सात शाळा-विभाग. उपनगरांना राजी करणाऱ्यांत वीझ्नर होत्या आणि पुढे बॅटसन यांनी कार्यक्रमाची सूत्रं हाती घेतली. मिसिसिपीला गेल्यामुळेच हे झालं असं म्हणणं अन्यायाचं होईल. बॅटसन त्याआधी कित्येक वर्षं लढत होत्या. पण उपनगरातल्या ज्यू बाईने शहरातल्या कृष्णवर्णीय बाईसोबत काम करण्याची सवय त्या तीन दिवसांत लागली, एवढं म्हणायला हरकत नाही.

राष्ट्रीय पातळीवरही जोडणी झाली. कृष्णवर्णीय स्त्रियांची, ज्यू स्त्रियांची, कॅथलिक स्त्रियांची आणि प्रॉटेस्टंट चर्चच्या स्त्रियांची अशा चार संघटनांनी मिळून 'विमेन इन कम्युनिटी सर्व्हिस' ही संस्था काढली. सरकारच्या 'जॉब कोअर' प्रशिक्षणासाठी गरीब मुली शोधून काढणं, त्यांच्याशी आणि घरच्यांशी बोलणं, अर्ज भरून घेणं, हे काम हजारो स्वयंसेविका करू लागल्या. निरनिराळ्या धर्मपंथांच्या बायका कागदोपत्री एकत्र येतात ते पुष्कळदा पाहिलंय. एकत्र बसून अर्ज तपासतात ते कमी.

हत्यार बदललं

१९६५ मध्ये तुकड्या पुन्हा आल्या, पण या खेपेला नुसत्या प्रतिष्ठित बायका नव्हत्या; शिक्षिका आणि समाजकार्यकर्त्या होत्या. बालवाड्यांना आणि शाळांतल्या एकीकरणाला लागणारं कौशल्य घेऊन. म्हणजे 'असणं' पुरेसं नाही हे एका वर्षात उमगलं होतं.

१९६४ च्या आखणीत एक मोठी फट होती. गोऱ्या दिवाणखान्यात कॉफी होई, कृष्णवर्णीय मध्यमवर्गीय घरातही बैठक होई. पण त्या दिवाणखान्याच्या मागे स्वयंपाकघरात जी बाई राबत होती, कापसाच्या शेतात जी होती, ती या बेतात कुठेच नव्हती. तिच्याकडे वजन नव्हतं आणि हा उपक्रम तर वजनाच्या हिशेबाने आखलेला.

१९६६ मध्ये नाव बदलून 'वर्कशॉप्स इन मिसिसिपी' झालं. आद्याक्षरं तीच राहिली, काम उलटं झालं. आता उत्तरेच्या बायका सांगायला येत नव्हत्या. गावोगावच्या गरीब बायकांना बोलावून तुम्हाला काय हवंय ते सांगा, असं विचारलं जाई. त्या बायकांनी वंशसलोख्याचं नाव काढलं नाही. घर, अन्न, काम, पोरांना ठेवायला जागा. सनफ्लॉवर परगण्यात तिथल्याच नागरी हक्क कार्यकर्त्या फॅनी लू हेमर यांच्या पुढाकाराने डुकरांची बँक झाली. संघटनेने जनावरं घेऊन दिली. आपल्याकडे अर्धलीने शेळी देतात तसंच, मादी सांभाळायला घ्यायची, विलेल्या पिल्लांतली काही बँकेत परत करायची, बाकी घरची. हिवाळ्यात घरात मांस. उपासमारीवर हा इलाज कॉफीपेक्षा कितीतरी पटीने नेमका होता.

घरांचं काम आणखी मोठं झालं. केंद्राच्या गृहनिर्माण खात्याशी बोलणी करून गरीब कुटुंबाला भाड्याऐवजी मालकीकडे नेणारी 'टर्नकी-३' ही योजना आकाराला आली. देखभालीचं काम कुटुंबाने स्वतः करायचं, ते मोल मालकी हक्कात जमा होत जायचं. गल्फपोर्टला फॉरेस्ट हाइट्स ही दोनशे घरांची वसाहत त्यातून उभी राहिली. योजना पुढे इतर राज्यांतही गेली. इथे पुन्हा त्या जुन्या ओळखी कामाला आल्या. वॉशिंग्टनमध्ये कुणाला फोन करायचा, कुठल्या फाउंडेशनकडे अर्ज टाकायचा, हे कोवन आणि त्यांच्या वर्तुळाला पाठ होतं. १९६६ मध्ये फोर्ड फाउंडेशनने हाइट यांच्या संघटनेला तीन लाख डॉलर दिले. फरक एवढाच, की फोनवर काय मागायचं ते आता न्यूयॉर्कमध्ये ठरत नव्हतं.

मागायचं काय ते ठरवणाऱ्यांत युनिटा ब्लॅकवेल होत्या. मिसिसिपी नदीकाठच्या मेअर्सव्हिल गावच्या, लहानपणी कापूस वेचलेल्या, १९६४ च्या उन्हाळ्यात मतदारनोंदणीला उभ्या राहून कार्यकर्त्या झालेल्या. घरांच्या योजनेसाठी त्या संघटनेच्या वतीने राज्याराज्यांतून फिरल्या. कोवन १९७६ च्या नोव्हेंबरमध्ये, न्यूयॉर्कमधल्या घराला लागलेल्या आगीत नवऱ्यासह गेल्या. तोपर्यंत त्या संघटनेचं काम करतच होत्या, शेवटपर्यंत बिनपगारी. त्याच वर्षी ब्लॅकवेल मेअर्सव्हिलच्या महापौर म्हणून निवडून आल्या होत्या, मिसिसिपीतल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला महापौर. गावाला धड पाणीपुरवठा नव्हता, गटारं नव्हती, रस्ते कच्चे होते. सरकारी अनुदानाचे अर्ज कसे भरतात ते मात्र त्यांना दहा वर्षांत चांगलं ठाऊक झालं होतं.